माळ्यावरचं ऊन

"थर्माकोल जळतो. ग्लासवूल खाजतं. तणसाला वाळवी लागते. चकचकीत फॉइलवर धूळ बसली की त्याचा उपयोग संपला. मग छपराखाली लावायला मी निवडू काय, भन्ते?"

भन्ते उत्तिय विहाराच्या ओट्यावर बसून शिंदीच्या पानांचा झाडू बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वहीत काय आहे?"

"मोजमापं. फेब्रुवारीपासूनची."

प्रश्न विचारणारी पंचशीला रामटेके तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वय चव्वेचाळीस. मांडीवर दोनशे पानी वही, आणि वहीत बोट घालून ठेवलेलं.

"अकरा नमुने आणले मी," ती म्हणाली. "अकरा खोके केले. प्रत्येकावर बल्ब लावला, आत थर्मामीटर ठेवला. दर दहा मिनिटांनी नोंद."

"मग?"

"ग्लासवूल आणि दगडाच्या धाग्यांचं रॉकवूल यांच्यात पाऊण अंशाचा फरक येतो. कधी ह्याच्या बाजूने, कधी त्याच्या. पुन्हा मोजतेय."

"एप्रिल संपत आला."

"मला माहीत आहे एप्रिल संपत आला ते!"

वैनगंगेकाठच्या त्या गावात भन्त्यांसमोर आवाज चढवणारी ती एकटीच होती. तिला त्याचं काही वाटत नसे. भन्त्यांनाही वाटत नसावं.

ती त्यांच्याकडे आली होती त्याला कारण होतं. चीवर घेण्याआधी भन्ते अठरा वर्षं एका वीज कारखान्यात कामाला होते. वाफेच्या तापल्या पाइपांवर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, गुंडाळायचं, हेच त्यांचं काम. आता ते बहात्तर वर्षांचे होते, तरी कोपरापासून मनगटापर्यंत बारीक पांढरे डाग दिसत.

"तुम्ही अठरा वर्षं हेच हाताळलं," पंचशीला म्हणाली. "तुम्ही सांगू शकता. कोणतं चांगलं?"

"आम्हाला कुणी निवडायला लावलं नाही, बाई. ट्रकमधून जे उतरायचं ते गुंडाळायचो."

"हे काही उत्तर झालं नाही."

"नाही झालं."

झाडूला एक गाठ बसली. दुसरी बसली.

"तुझ्या माळ्यावर कोण बसतं?" भन्त्यांनी विचारलं.

हे त्यांना ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी पंचशीला नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली. धम्मपालदादाचं घर विटांचं होतं, वर उतरत्या पत्र्याचं छप्पर, आणि पत्र्याखाली लाकडी फळ्यांचा माळा. खाली जागा नाही, असं कुणी म्हणालं नाही. पण तिची ट्रंक माळ्यावर गेली आणि मागोमाग ती गेली.

सहा वर्षांपूर्वी शाळेतली एक मुलगी तिथे अभ्यासाला येऊ लागली. मग दुसरी आली. त्यांच्या घरी एकच खोली, त्यात टीव्ही, त्यात चूल, त्यात पाहुणे. आता माळ्यावर नऊ जणी बसत. कुणी नर्सिंगची तयारी करत होती, कुणी पोलीस भरतीची. मुलींनी चार तास गप्प बसून वाचावं अशी गावात दुसरी जागा नव्हती.

मागच्या मे महिन्यात निकिता मडावी नावाची मुलगी भर दुपारी माळ्यावर चक्कर येऊन पडली. तिला दवाखान्यात सलाईन लावावी लागली. तिचा बाप धम्मपालच्या दारात उभा राहून अर्धा तास ओरडला. धम्मपाल हात जोडून ऐकत राहिला.

यंदा त्याने बहिणीला बजावलं होतं. बुद्ध पौर्णिमेपर्यंत माळा थंड झाला तर ठीक. नाही तर वर कुलूप. छपराचं काम काढू देशील का, हे तिने त्याला अजून विचारलं नव्हतं.

मुलींची परीक्षा जूनमध्ये होती.

"नऊ मुली बसतात," पंचशीला म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

"आणि खाली?"

"दादा, वहिनी."

"खाली ऊन लागतं?"

"नाही. खाली बरं असतं."

भन्त्यांनी झाडू उचलून पाहिला, एक वाकडं पान ओढून काढलं.

"रविवारी येतो," ते म्हणाले.

"मला पाहुणे नकोत, भन्ते. मला उत्तर हवंय."

"मग जेवू नको घालूस. पाणी दे."

*

जेवण धम्मपालने घातलं. भन्ते घरी येतात म्हणजे काय! त्याने सकाळपासून अंगण शिंपडलं होतं, मधल्या खोलीत पांढरी चादर अंथरली होती. वहिनींनी भात, वरण, वांग्याची भाजी आणि आंब्याचा रस केला होता. बाराच्या आत भन्त्यांचं भोजन आटोपलं.

"इथं गार वाटतं," भन्ते म्हणाले.

धम्मपालचा चेहरा खुलला.

"कूलर लागत नाही आपल्याकडं, भन्ते. लोकं विचारतात, काय केलं म्हणून. घरच तसं आहे."

"छान. आता माळा पाहू."

"आता? बारा वाजून गेले, भन्ते. सहा वाजता दाखवतो ना, वारा सुटला की…"

भन्ते उठलेच होते.

जिना मागच्या बाजूला होता, अरुंद आणि लाकडी. पंचशीला पुढे, भन्ते मागे. धम्मपाल पहिल्या पायरीशीच थांबला.

"तू नाही येत?"

"मी काय करू वर, भन्ते? मी इथंच आहे. हाक मारा."

"बरं. माळ्याचं दार उघडंच राहू दे. बाईबरोबर भिक्खूने एकट्याने बसू नये. तू पायरीवर बस, आम्हाला तुझ्याशी बोलता येईल असा."

धम्मपाल बसला.

रविवार असल्यामुळे मुली नव्हत्या. माळ्यावर पाऊल टाकलं आणि तोंडावर चुलीसारखी धग आली. भिंतीवरचा थर्मामीटर एक्कावन्न दाखवत होता. बाहेर सेहेचाळीस होतं. पत्रा अधूनमधून ताडकन वाजत होता.

पंचशीलाने खुर्ची पुढे केली.

"मुली खुर्चीवर बसतात?"

"नाही. खाली, चटईवर. ओळीने."

"मागच्या वर्षी पडली ती कुठे बसायची?"

पंचशीलाने पश्चिमेच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे छप्पर इतकं उतरत होतं की उभं राहता येत नव्हतं. भन्ते वाकले, सरकले, आणि तिथे मांडी घालून बसले. डोक्यापासून पत्रा दीड हातावर होता.

"हं. सांग आता. पहिल्यापासून."

"इथे?"

"नमुने इथेच आहेत ना?"

अकरा नमुने फळीवर मांडून ठेवले होते. प्रत्येकाला चिठ्ठी डकवलेली. पंचशीलाने वही उघडली आणि ती शिकवायला उभी राहावी तशी उभी राहिली.

थर्माकोल. हलका, लावायला सोपा, पण वायरिंगमधून एक ठिणगी पडली तर नऊ मुली आणि एकच जिना. म्हणून नको.

तणस. आपल्याकडे भाताचं पीक, मिळेल तेवढं मिळतं. पण वाळवी, उंदीर, आणि पुन्हा आगीची भीती. म्हणून नको.

फॉइल. पहिल्या वर्षी उत्तम. नंतर धूळ.

चौथा नमुना. पाचवा.

भन्त्यांच्या डोक्यावर घामाचे थेंब उभे राहिले, मग ओघळू लागले. चीवराची कड काळपट झाली. ते ऐकत होते.

"भन्ते, पाणी घ्या."

त्यांनी घेतलं. तांब्या खाली ठेवला.

"सहावा."

तिने सहावा सांगितला. सातवा सांगितला. आठव्याला तिच्या कपाळावरचा घाम वहीवर पडला आणि एक आकडा फुगून निळा डाग झाला. तिने तो ओढणीने टिपला. आकडा गेला.

"भन्ते, खाली जाऊ या. मी खाली सांगते."

"अकरा म्हणाली होतीस."

"खाली बसून बोलू ना…"

"खाली हा प्रश्नच नाहीये."

पंचशीलाने त्यांच्याकडे पाहिलं. भन्त्यांचा चेहरा लाल झाला होता. श्वास तोंडाने चालला होता. पण बसणं तसंच होतं.

"तुम्ही मला घाबरवताय," ती म्हणाली.

"तू घाबरतेस?"

"नाही."

"मग नववा."

तिने नववा सांगितला. दहाव्याला ती एकदा चुकली आणि पहिल्यापासून सांगितला. अकरावा संपला तेव्हा वीस मिनिटं झाली होती.

"झाले," ती म्हणाली. "आता तुम्ही बोला."

"एक समजलं नाही. तू विज्ञानाची बाई आहेस, म्हणून विचारतो. खाली इतकं गार कशाने?"

"हे सोपं आहे." तिचा आवाज वर्गातला झाला. "पत्रा तापतो. त्याची उष्णता खाली उतरू पाहते. पण मध्ये माळा आहे. माळ्यात जे जे आहे ते ती उष्णता आपल्यात घेतं. खालच्या खोलीपर्यंत पोचू देत नाही."

"जे जे आहे ते म्हणजे काय काय?"

"हवा. फळ्या. पुस्तकं. माझी ट्रंक, गादी…"

ती थांबली.

"अजून?"

पत्रा वाजला.

"अजून काय आहे माळ्यात, पंचशीला?"

तिने भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या चटयांकडे पाहिलं.

"सांग ना."

"मी."

"आणि?"

"नऊ मुली."

भन्त्यांनी फळीकडे पाहिलं.

"मग नमुने अकरा कसे झाले?"

पंचशीलाने वही मिटली, इतक्या जोरात की खाली पायरीवर धम्मपालने मान वर केली.

"मला इथे कुणी कोंडलेलं नाही, भन्ते! सामान म्हणून ठेवलेलं नाही मला. हा माळा मी मिळवलाय. इथे मला कुणी ऊठ म्हणत नाही, बस म्हणत नाही. इथलं एकेक पुस्तक माझं आहे. तुम्ही मला बिचारी समजू नका."

"नाही समजत."

"मग?"

"तुझा माळा. तुझ्या मुली. अकरा नमुने तयार." भन्त्यांनी डोळ्यांतला घाम पुसला. "तीन महिने कुणासाठी थांबलीस?"



उत्तर तिला माहीत होतं. ते वहीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. जोवर ती निवडत होती तोवर दादाला सांगावं लागत नव्हतं. जोवर पाऊण अंशाचा प्रश्न सुटत नव्हता तोवर त्याचा नकार ऐकावा लागत नव्हता. बल्ब लावायचे, खोके बदलायचे, नोंद करायची… आणि खाली जेवायला गेलं की पावसापाण्याचं बोलायचं.

ती जिन्याच्या तोंडाशी गेली.

"दादा."

"हं? झालं का? भन्त्यांना घेऊन ये खाली."

"मी उद्यापासून छपराचं काम सुरू करतेय."

धम्मपाल उभा राहिला.

"कोणाला विचारून?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

"पंचू, छप्पर माझं आहे. घर बाबांनी माझ्या नावावर केलं."

"हो. छप्पर तुझंच आहे. त्याच्याखालचं ऊन अकरा वर्षं माझं आहे."

"मी बसवलं का तुला उन्हात?" धम्मपालचा आवाज चढला. "किती वेळा म्हटलं, खाली ये. तुझी वहिनी म्हणाली, खाली या. बंद कर ते वर्ग, राहा आमच्यात सुखानं. काऊन ऐकत नाहीस?"

"खाली मी एकटीच येऊ शकते."

"मग ये ना!"

"नऊ जणींना घेऊन येऊ? मधल्या खोलीत, रोज, बारा ते चार?"

"तिथं… दुपारी मी झोपतो."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला. वहिनी ऐकत होत्या.

"हसण्यावारी नेऊ नको," धम्मपाल म्हणाला, जरी कुणी हसलं नव्हतं. "त्या पोरीला काही झालं असतं तर? तिचा बाप माझ्या दारात उभा राहिला होता. तुझ्या नाही. सगळं गाव पाहून राहिलं होतं. मी हात जोडले त्याच्यासमोर. तू तर दवाखान्यात होतीस."

हे खरं होतं. पंचशीलाने कठडा धरला.

"माहीत आहे मला, दादा. तुझ्यावर आलं ते. म्हणूनच मी छप्पर बदलतेय. मुली नाही बदलत."

"हात लावून तर पाहा छपराला."

"लावणार आहे. उद्या सकाळी आठ वाजता. तू पोलिसांना बोलाव, पंचायतीला बोलाव, घराबाहेर काढ. मी शिडी लावून बाहेरून चढेन. कुलूप लावलंस तर मुली अंगणात बसतील. तुझ्या खिडकीखाली. मोठ्याने वाचायला सांगेन त्यांना."

धम्मपाल तिच्याकडे पाहत राहिला. ही त्याची बहीण त्याने याआधी पाहिली नव्हती. नवऱ्याचं घर सोडायचं तेव्हासुद्धा तिने आधी त्याला पत्र लिहून विचारलं होतं, दादा, येऊ का?

मग त्याला एकदम आठवलं.

"भन्ते कुठं आहेत?"

"इथेच."

"अजून? पाऊण तास होत आला, पंचू!"

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. भर दुपारी तो माळ्यावर किती वर्षांनी आला होता कोण जाणे. दारातच तो थबकला. आधारासाठी त्याने पत्र्याच्या ट्रंकेवर हात टेकला आणि चटका बसून ओढून घेतला.

"भन्ते, चला. माझं ऐका. चला खाली."

"बस ना जरा."

"भन्ते, तब्येत…"

"बस."

भन्त्यांना नाही कसं म्हणायचं? धम्मपाल बसला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पाठीवर डाग पडला, तो मोठा होत गेला. बसल्या जागेवरून त्याला सगळं दिसत होतं. नऊ चटया, गुंडाळून ठेवलेल्या. भिंतीवर मुलींनी लिहून चिकटवलेलं वेळापत्रक. एका खिळ्याला ओला पंचा, कुणीतरी डोक्यावर घ्यायला ठेवलेला, आता वाळून ताठ झालेला.



पाच मिनिटं झाली असतील. भन्ते स्वतःच उठले. जिन्यात तिसऱ्या पायरीवर त्यांचा तोल गेला. बहीण-भावाने दोन्ही बाजूंनी धरलं आणि तसंच धरून खाली आणलं.

वहिनींनी त्यांना मधल्या खोलीत पांढऱ्या चादरीवर झोपवायला लावलं, डोक्यावर ओलं फडकं दिलं. मीठ-साखरेचं पाणी केलं. अर्ध्या तासाने त्यांच्या चेहऱ्यावरची लाली उतरली.

धम्मपाल त्यांच्या पायाशी बसला होता.

"भन्ते, काही झालं असतं तर?"

भन्त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मागच्या वर्षी झालं होतं ना," ते म्हणाले.

*

सोमवारी सकाळी आठ वाजता पंचशीला दोन कारागिरांना घेऊन आली. शाळेला सुट्टी लागली होती. तिने ग्लासवूल घेतलं होतं. रॉकवूल का नाही, तर त्या दिवशी तालुक्यात ते नव्हतं, आणि मागवायला पंधरा दिवस लागणार होते.

धम्मपालने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो पेपर घेऊन अंगणात जाऊन बसला.

काम नऊ दिवस चाललं. पत्र्याखाली चार बोटं जागा मोकळी सोडली, म्हणजे गरम हवेला वाट राहील. दोन्ही टोकांच्या भिंती वरून फोडून तिथे जाळ्या बसवल्या, म्हणजे ती हवा बाहेर जाईल. मग कापडात शिवलेल्या ग्लासवूलच्या पट्ट्या, आणि त्याखाली प्लायवूड, फट न ठेवता. मुलींना तिने त्या नऊ दिवसांत जिन्याच्या आसपासही फिरकू दिलं नाही. त्या शाळेच्या व्हरांड्यात बसून वाचत होत्या.

ती स्वतः मात्र कारागिरांच्या बरोबरीने उभी राहिली. नाकाला फडकं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे. तरी मानेला खाज सुटायचीच. रात्री ती मान खाजवत जेवायची आणि धम्मपाल ताटात पाहत जेवायचा. वहिनी तिला तेल काढून द्यायच्या. बोलत त्याही नसत.

पाचव्या दिवशी धम्मपाल जिन्याखाली येऊन उभा राहिला.

"त्या उत्तरेच्या कोपऱ्यात पत्रा गळते," तो वर न पाहता म्हणाला. "तो आधी नीट बसवा. नाही तर पावसाळ्यात सगळं भिजून जाईल."

आणि निघून गेला.

पंचशीलाने कारागिरांना उत्तरेचा कोपरा दाखवला. गळत होतंच.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काम संपलं. दुपारी दोनला तिने थर्मामीटर पाहिला. बाहेर सेहेचाळीस होतं, माळ्यावर चाळीस. चाळीस म्हणजे काही गारवा नव्हे. पण चाळीसमध्ये पंख्याखाली माणूस वाचू शकतो.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आठ मुली आल्या. निकिता आली नाही.

तिसऱ्या दिवशी ती बापाबरोबर आली. बाप जिना चढून वर आला, चपला हातात घेऊन. त्याने प्लायवूडला तळवा लावला. तसाच ठेवला. मग पश्चिमेच्या भिंतीजवळ जाऊन वाकला आणि तिथेही लावला. पंचशीला बघत उभी होती. तिने एकही आकडा सांगितला नाही.

"चार वाजता न्यायला येतो," तो मुलीला म्हणाला आणि उतरला.

खाली अंगणात धम्मपाल होता. दोघांची नजरानजर झाली. मडावीने हात जोडले. धम्मपालने घाईघाईने आपलेही जोडले, आणि म्हणाला, "पाणी घेता का?"

कुलूप कुणी लावलं नाही. तो विषयही कुणी काढला नाही. पण एका दुपारी, मुली वाचत असताना, जिना वाजला. धम्मपाल पेपर घेऊन वर आला. पंचशीलाने मान वर केली. तो दाराजवळ भिंतीला टेकून बसला, पेपर उघडला, आणि दहा मिनिटांत त्याला झोप लागली. तो घोरू लागला तेव्हा नऊच्या नऊ मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. पंचशीलाने त्यांना दटावलं आणि भावाला तसाच झोपू दिला.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती विहारात गेली. वही नेली नव्हती.

भन्ते ओट्यावर बसून चीवराचा उसवलेला काठ शिवत होते. तिने वंदन केलं आणि समोर बसली. आज तिची मान ताठ होती.

"भन्ते, तुम्ही विचारलंच नाहीत मी काय निवडलं ते."

"काय निवडलंस?"

"ग्लासवूल. पाऊण अंशाचं शेवटपर्यंत कळलं नाही. नाही कळलं तर नाही कळलं."

"हं."

"दादाने एकदाही हो म्हटलं नाही."

"हं."

"मीही विचारलं नाही. शेवटपर्यंत नाही. त्याला नाही, वहिनीला नाही, हेडमास्तरांना नाही. लोक म्हणाले, भावाच्या घरात राहून भावाशी भांडते. म्हणू देत. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कुणालाही न विचारता एक गोष्ट केली."

भन्त्यांनी सुईत दोरा ओवला. पहिल्या वेळी चुकला. दुसऱ्या वेळी गेला.



पंचशीला वाट पाहत राहिली. नदीकडून वारा आला. ओट्यावरची वाळकी पानं सरकली.

शेवटी तिला राहवलं नाही.

"बरोबर केलं ना, भन्ते?"

भन्त्यांनी टाका ओढला आणि तिच्याकडे पाहिलं.

"…म्हणजे विचारायला एक दादा अजून शिल्लक आहे."